वेणीसाठी केस वाढवताना: कात्री बंद की मानेवर थोडी चालू?

आखूड केसांवरून थेट वेणीपर्यंत जायचं ठरवलं की दोन पर्याय समोर येतात. एक तर कात्रीला शिवायचंच नाही, जे जसं वाढेल तसं वाढू द्यायचं. नाहीतर मानेवरचे केस अधूनमधून छाटत राहायचं आणि पुढचे, वरचे केस त्यांना गाठेपर्यंत थांबायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. तेल कुठलं, शाम्पू कुठला यात शिरत नाही, त्यावर प्रत्येकाचं मत आधीच पक्कं असतं. केस आधीच खांद्यावर आणि एका लांबीचे असतील, तर हा प्रश्न तुमचा नाही.

घाई असेल तर पहिला पर्याय उघडच सरस. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला १२ ते १५. टोकं कापल्याने हा वेग वाढत नाही. वाढ मुळाशी होते आणि टोकाशी काय चाललंय याची मुळाला खबर नसते. तेव्हा कापलेला प्रत्येक सेंटिमीटर हा निव्वळ वजाच. त्यात मानेवरचे केस मुळातच खाली उगवलेले, ते खांद्याला सगळ्यांआधी टेकतात. वर्ष-दीड वर्षात त्यांची छोटीशी तिपेडी वळता येते आणि आरशात पाठ वळवून ती बघताना फार बरं वाटतं, हे नाकारत नाही.

पण ती वेणी मानेवरच्या केसांची असते, डोक्याची नव्हे. कपाळालगतचे केस कानावरून मागे नेऊन मानेशी बांधायचे, तर ते किमान २५ सेंटिमीटर तरी हवेत. त्याला जवळपास दोन वर्षं लागतात. शिवाय वेणीत पीळ दिसायला त्याच्या पुढेही वीतभर लांबी लागते. म्हणजे मागचे केस वेणीला तयार आणि पुढचे नुसतेच गालावर, असा मोठा काळ काढावा लागतो. बटा तोंडात जाणं, वाकलं की डोळ्यांवर येणं, याला हेअरबँड आणि टकटक क्लिपा आहेत. ते चालून जातं.

मला जे चाललं नाही ते वेगळंच होतं: वेणीतून बाहेर येणारी टोकं.

तीन पेड एकमेकांवरून जातात तेव्हा प्रत्येक केस आडवा-तिरपा होत खाली उतरतो आणि जिथे त्याची लांबी संपते तिथे त्याचं टोक बाहेर पडतं. सगळे केस साधारण एका ठिकाणी संपत असतील तर टोकं शेंड्याशीच राहतात. लांबी चढउतार असेल तर दर पिळाला टोकं. सकाळी वेणी घालून निघावं, दुपारपर्यंत तिसऱ्या-चौथ्या पिळातून ताठ, आखूड केसांचा झुबका बाहेर आलेला असायचा, नेमका कॉलरच्या वर. मान वळवली की टोचायचा. बोटाने आत खोचला की शेजारचा पेड सैल व्हायचा आणि तिथून दुसरा झुबका डोकं काढायचा. पाण्याचा हात फिरवा, तेलाचा फिरवा, वाळलं की पुन्हा तेच. शेंड्याकडे मात्र केस इतके विरळ की रबरबँडचे चार वेढे घेतले तरी निसटायचा. घट्ट घातली की टोकं दबतात, पण कानशिलं ओढली जातात. रोज तसा ताण पडला तर तिथले केस विरळ होऊ शकतात, तेव्हा तो उपाय नकोच. सागरवेणीत पुढचे आखूड केस वाटेत घेता येतात हे खरं. पण स्वतःच्या डोक्यामागे हात उंच धरून ती रोज घालणं ज्याला जमतं, त्याला माझा नमस्कार.

मानेवरचे छाटत राहिलो तेव्हा वेणी उशिरा आली, यात शंका नाही. हिशेब मात्र वाटतो तितका वाईट नाही. तीन महिन्यांत केस तीन-साडेतीन सेंटिमीटर वाढतात. त्यातला एक छाटला तरी दोन-अडीच हाती राहतात, आणि पुढचे केस तेवढ्या वेळात पूर्ण वाढ घेतात. मधल्या काळात डोकं अवतारासारखं दिसत नाही हा वरचा फायदा. फाटे फुटलेली टोकंही त्यातच जातात. नाहीतर ती वर वर चिरत जातात आणि केस मधेच तुटतात.

अर्थात टोकं शून्य होतात असं नाही. प्रत्येक केसाचं चक्र वेगळं, रोज पन्नास-शंभर गळतात आणि त्यांच्या जागी नवे उगवतात, त्यामुळे आखूड केस कायमच असणार. पण ते सुटेसुटे असतात, एकगठ्ठा झुबका होऊन बाहेर येत नाहीत. माझ्या केसांत तरी हा फरक स्पष्ट जाणवला. केस कुरळे असतील तर कदाचित तुमचा अनुभव उलटा येईल, कारण वळणांत कमी-जास्त लांबी लपते आणि टोकंही इतकी ताठ नसतात. तिथे कात्री न लावणं मलाही पटेल. केस सरळ आणि जाड असतील, तर मानेवरचे छाटत वेणीसाठी थोडं थांबलेलं बरं, असं वाटतं.

छाटायचं ठरलंच तर फक्त मानेवरचे, आणि पुढच्या बटा हनुवटीखाली उतरेपर्यंतच. त्यानंतर दर वेळी जेमतेम टोकं. आणि शक्यतो कोरड्या केसांवर. ओला केस ताणला जातो, वाळल्यावर वर चढतो आणि ‘एकच सेंटिमीटर’ म्हणून कापलेले दोन निघतात. खुर्चीत बसल्यावर ‘लेअर देऊ का?’ असं विचारतील. नको म्हणा.