एचपीएलसीचा रिपोर्ट हातात होता, तरी गंडवलं

विकायच्या क्रीमसाठी पुरवठादाराकडून चाळीस किलो क्रीम बेस (क्रीमचा तयार पाया) घेतला. हायड्रोक्विनोन (त्वचा उजळवणारं औषध) ‘आढळले नाही’, स्टेरॉइड ‘आढळले नाही’, पारा ‘आढळला नाही’. प्रत्येक बॅचसोबत शिक्क्याचा एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी लॅबमधली तपासणी) रिपोर्ट. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. गिऱ्हाइकांचे चेहरे लाल व्हायला लागले, तेव्हा उरलेला माल दुसऱ्या लॅबला दिला. हायड्रोक्विनोन 2.8 टक्के! क्लोबेटासोल, म्हणजे जबरदस्त स्टेरॉइड, 0.04 टक्के! अहो, क्लोबेटासोलचं औषधी मलमच 0.05 टक्क्यांचं असतं, आणि तेही डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

जळफळाट होतो तो वेगळ्याच गोष्टीनं. दोन बॅचचे रिपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडून होते. दोन्हींत नायसिनामाइड या घटकाचा पीक (आलेखातला उंचवटा) 4.182 मिनिटांना, एरिया (त्या उंचवट्याखालचं क्षेत्रफळ) 1254367. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच! एकच नमुना लागोपाठ दोनदा यंत्रात इंजेक्ट केला तरी एरिया थोडा हलतो. इथे बॅच वेगळी, तारीख वेगळी, आकडा मात्र जुळा. म्हणजे आलेख एकच (तोही कुठल्या मालाचा, देव जाणे), वरचा बॅच नंबर तेवढा बदललेला. त्याच कागदावर पाऱ्यापुढे पद्धत छापली होती ‘एचपीएलसी-यूव्ही’. पारा असा शोधतात होय? त्याला धातू मोजणारं आयसीपी-एमएस नाहीतर अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन लागतं. पण आलेख वाचतो कोण? खाली ‘पास’ दिसलं की कागद फायलीत, धंद्यात सगळे हेच करतात.

स्टँडर्डचा (माहीत असलेल्या शुद्ध पदार्थाचा) आणि ब्लँकचा (तो पदार्थ नसलेल्या द्रावणाचा) क्रोमॅटोग्राम, म्हणजे तपासणीचा आलेख, मागा. देत नसतील तर माल परत. ‘आढळले नाही’च्या शेजारी डिटेक्शन लिमिट (किती कमी प्रमाणापर्यंत पकडता येतं तो आकडा) नसेल, तर त्या शब्दांना काडीची किंमत नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. प्रसाधनांवर देखरेख ठेवणारे म्हणाले, हा तुमचा व्यापारी वाद, पोलिसांत जा. पोलीस म्हणाले, या रेघांवरून आम्ही काय समजायचं, त्या खात्याचं पत्र आणा. खातं म्हणतं, नमुना आमच्या माणसानं घेतलेला नाही, पत्र कसं देणार? मग तुमचा माणूस पाठवा ना! तर अर्ज करा. ग्राहक मंचात गेलो, तर तुम्ही ग्राहकच नाही, व्यापारी. लॅबला मान्यता देणाऱ्यांनी तेवढं एक सांगितलं: त्या लॅबची मान्यता पाणी तपासण्यापुरती आहे. आयएसओ 17025 चा (लॅबच्या मान्यतेचा) शिक्का बघून भुलू नका, स्कोपचं, म्हणजे कुठल्या तपासण्यांना मान्यता आहे त्याचं, पान उघडून बघा.

आणि नमुना विकणाऱ्याच्या हातून लॅबला जाऊ देऊ नका. सीलबंद ड्रम साक्षीदारासमोर फोडा, अर्धा नमुना सील करून ठेवा. माझ्याकडे तसा नाही, म्हणून आता पुरवठादाराचा वकील लिहितोय, ड्रम तुम्हीच उघडलात, भेसळही तुम्हीच केली असेल.