निवृत्तीचे पैसे ‘हिरवे’ करायचे तर: ठेव, रोखे, फंड की गच्ची?

पीएफ-ग्रॅच्युइटी खात्यावर जमा झाली की सल्ले फुकट मिळतात. घरखर्चापुरती रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका आणि विसरा. ती योजना हिरवी नाही, म्हणजे तिचे पैसे खास पर्यावरणपूरक कामांसाठी राखलेले नसतात. नसू दे. पुढचं सगळं उरलेल्या पैशांबद्दल.

स्टेट बँकेने जानेवारी 2024 मध्ये 1111, 1777 आणि 2222 दिवसांची हरित ठेव आणली, तीही साध्या ठेवीपेक्षा 0.10 टक्का कमी व्याजाने. म्हणजे दहा लाखांवर वर्षाला हजारेक रुपयांची झळ. ती सोसेनही, पण पैसे कुठे लागले हे पासबुकात दिसत नाही.

त्यापेक्षा केंद्र सरकारचे हरित रोखे मला बरे वाटतात. जानेवारी 2023 च्या पहिल्या लिलावात दहा वर्षांच्या रोख्यावर 7.29 टक्के व्याज होतं. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून किमान दहा हजारांत घेता येतात, व्याज सहामाही. अणुऊर्जा आणि 25 मेगावॉटवरचे जलविद्युत प्रकल्प यातून वगळलेत. अडचण एकच: मध्येच विकायला काढलं तर गिऱ्हाईक चटकन मिळत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही 2025 मध्ये हरित रोखे काढले. पण इंदूरने 2023 मध्ये सौर प्रकल्पासाठी केला तसा जनतेसाठी खुला इश्यू आला, तरच आपल्या कामाचा.

ईएसजी फंड, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या निकषांवर कंपन्या निवडणारे म्युच्युअल फंड, हाही शेवटी शेअर बाजारच. पाटीवर जाऊ नका, शेअरची यादी उघडा. बँका आणि आयटी कंपन्याच वर दिसतील. बँकेला धुराडं नसतं. ती कर्ज कोणाला देते, हा प्रश्न वेगळा. सात-आठ वर्षं हात लावायचा नसेल एवढीच रक्कम इथे.

स्वतःचा बंगला असेल तर मी आधी गच्ची बघेन. गच्चीवर सौर पॅनेल बसवायला पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. वर्षाच्या सरासरीने महिन्याला तीनशेच्या वर युनिटं निघतात, श्रावणात बरीच कमी. वाचलेल्या बिलावर प्राप्तिकर नाही, ठेवीच्या व्याजावर आहे. मात्र आधी महावितरणची बारा महिन्यांची बिलं काढून बसा. शंभर युनिटांवरचा स्लॅब महाग, खरी बचत तिथेच. दोघांचंच घर आणि बिल शंभराच्या आत असेल, तर पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील.

फ्लॅटवाल्यांची गच्ची सोसायटीची. तिथे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान मिळतं, पण आधी सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागतो. आणि गच्चीच्या गळतीचं काम निघणार असेल, तर ते पॅनेल बसवण्याआधी उरकून घ्या.