मानेचा कडक पट्टा: आठ महिने, आणि ते वेल्क्रो

पाचव्या आठवड्यात मी शिंकले आणि डाव्या बाजूचं वेल्क्रो चर्रकन सुटलं. ऑपरेशन झालेल्या मानेने शिंकणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. दोन्ही हातांनी डोकं धरून मी तशीच बसले, आणि त्याच संतापात पट्ट्याचा हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

फोमचा, दोन तुकड्यांचा, पुढे भोक असलेला तो पट्टा सगळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे वर्णन करत नाही. माझे दोन मणके-सांधे जोडलेत, सी फाइव्ह-सिक्स आणि सिक्स-सेव्हन, म्हणजे मानेचा पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा मणका, पुढून गळ्याकडून. प्लेट-स्क्रू आहेत. प्लेट असली की काही सर्जन पट्टा देतच नाहीत. मला सहा आठवडे सांगितला, झोपतानासुद्धा.

आता वेल्क्रो. त्यात चिकटवायला काही नसतं, बारीक आकडे असतात आणि ते समोरच्या मऊ धाग्यांत अडकतात. मानेमागचे केस, टॉवेलची लव, उशीच्या अभ्र्याचे तंतू, सगळं त्या आकड्यांत जाऊन बसतं. मग आकडे धरणार कशाला? मी जुना टूथब्रश आणि टाचणी घेऊन एकेक केस उपसून काढला. सहा दिवस छान चाललं, पुन्हा तेच. कंपनीला फोन केला तर म्हणाले, पट्टी सुटी मिळत नाही, आतलं पॅडही नाही, पूर्ण पट्टा नवीन घ्या. चार बोटं रुंद पट्टीसाठी अख्खा पट्टा! नाही घेतला. धुताना वेल्क्रो बंद करून धुवा, एवढी एक ओळ त्यांनी डब्यावर छापली असती तरी माझं अर्धं भांडण वाचलं असतं. रात्री एक वाजता बाजू सैल करायला गेलं की त्या आवाजाने नवरा दचकून उठतो, ते वेगळंच.

पॅडचा एकच जोड, त्यामुळे वाळेपर्यंत पंचाईत. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. आणि पट्टा काढायचा असेल तर आडवं होऊन, डोक्याला कोणाचा तरी हात ठेवून. मला तसंच शिकवलं होतं.

घास अडकायचा, आवाज घोगरा झाला होता. मी सगळा राग हनुवटीखालच्या त्या कडेवर काढला आणि पट्टा गुपचूप सैल करत गेले. कारण वेगळंच निघालं. पुढून मणक्यापर्यंत जाताना अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला ओढून धरतात. त्याने सूज येते, कधी आवाजाची नस दुखावते. तीन आठवड्यांत दोन्ही बरंच ओसरलं, पट्टा असतानाच. पण खवाट्यांच्या मधोमध एक ठणका बसला, तो मात्र गेला नाही. दोन स्टार देऊन मजकूर तसाच ठेवला.

पुढचं आठव्या महिन्यात लिहितेय, आणि वरचं काही खोडत नाही.

सहा आठवडे संपल्यावरही मी पट्टा सोडला नाही. काढला की मान जड व्हायची, ठणका वाढायचा, म्हणून पुन्हा घालायचा. असे आणखी तीन आठवडे. तपासणीला गेले तर सर्जन वैतागले, फिजिओने तर कपाळालाच हात लावला. पट्टा मानेचं काम करतो, मग स्नायू करत नाहीत आणि ढिले पडतात. मधला ठणकाही ऑपरेशनचाच: मणक्यांमधल्या गादीच्या जागी केज, म्हणजे आधाराचा छोटा ठोकळा, बसवला की दोन मणक्यांमधली उंची वाढते आणि मागचे छोटे सांधे-स्नायू ताणले जातात. दोषी पट्टा नव्हता. त्याला धरून बसलेली मी होते, हे कबूल करायला जड जातं.

व्यायाम अगदी साधा. तळहात कपाळावर ठेवून डोकं त्यावर दाबायचं, मान हलू द्यायची नाही. सर्जनने हो म्हटल्याशिवाय मात्र नाही. प्रेगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाने दिवसभर पेंग यायची. ती मनाने बंद करायला निघाले होते, ती हळूहळूच कमी करतात.

तर्जनीचं टोक अजून बधिर आहे. नस नव्याने वाढायची असेल तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर, असं समजल्यावर मी टेप लावून मानेपासून बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. ७२ सेंटिमीटर. म्हणजे जवळपास दोन वर्षं. सगळ्याच नसा मुळापासून वाढायच्या नसतात हे कळलंय, तरी तो आकडा डोक्यातून जात नाही. सहाव्या महिन्याच्या एक्स-रेमध्ये हाड जुळताना दिसलं. पूर्ण व्हायला वर्षही लागतं.

हातातून वस्तू पडू लागणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, जखमेतून पाणी, किंवा गळा सुजून श्वास अडकणं, यातलं काहीही झालं तर पट्टा घट्ट-सैल करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आता तीन स्टार. उरलेल्या दोनांतला एक हनुवटीच्या कडेचा, एक त्या वेल्क्रोचा, आणि तो मिळायचा नाही. पट्टा कपाटात आहे. लोकरीचा स्वेटर त्याच्या शेजारी ठेवू नका. माझ्या स्वेटरची बाही कालच त्यातून सोडवली, अर्धा तास गेला.