पॅलिओ १.६ आणि स्पीडुइनो: चौदा महिन्यांनंतर

गाडी २००२ ची फियाट पॅलिओ १.६. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बदललेले, एक्झॉस्ट मोकळा, बाकी इंजिन कंपनीचंच. कॅम बदलल्यावर आयडलला गाडी अशी नाचायची की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा. इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी किती, कधी द्यायची ते ठरवणारा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू. त्यातले आकडे बदलून देणाऱ्या दोन रिमॅपवाल्यांनी मूळ ईसीयू पाहूनच हात वर केले. मग उरलं काय, तर हॅल्टेक किंवा लिंकसारख्या कंपनीचा तयार ईसीयूचा डबा, नाहीतर स्पीडुइनो.

स्पीडुइनो म्हणजे आर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डावर चालणारा ओपन सोर्स ईसीयू. स्वस्त आहेच, पण मी तो घेतला वेगळ्या कारणाने. महागडा डबा ट्यून करू शकणारा ओळखीतला माणूस एकच, आणि त्याची तारीख मिळायला महिना लागतो. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत फुल थ्रॉटलचं ट्यूनिंग एका दुपारी उरकतं. कोल्ड स्टार्ट, एसी, ट्रॅफिकमधलं रांगणं यांतच महिने जातात. तिथे लॅपटॉप आपल्याच हातात हवा.

पहिला दणका वायरिंगचा. इंजिनाचे फेरे ओळखणारा क्रँक सेन्सर व्हीआर (चुंबकीय) प्रकारचा, त्याच्या दोन वायरी आमच्या वायरमनने उलट जोडल्या. गंमत म्हणजे गाडी सुरू झाली, आयडललाही ठीक. पण टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) धरून रेस केली तर पुलीवरची खूण जागेवर राहीना, आरपीएम वाढेल तशी सरकायची. तीन रविवार मी मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोल-टायमिंगच्या तक्त्यांत, चूक शोधत बसलो. वायरी अदलाबदल केल्यावर खूण खिळ्यासारखी जागेवर. टायमिंग लाइटने खात्री केल्याशिवाय मॅपला हात लावू नका.

दुसरी डोकेदुखी एसीची. कंप्रेसर लागला की ८५० वरून आरपीएम धाडकन सहाशेच्या खाली, आणि पुण्यातल्या नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी बंद. मागच्या हॉर्नांसह. एसीच्या स्विचची वायर ईसीयूच्या आयडल-अप (आयडल वाढवायच्या) इनपुटला दिली आणि आयडलची हवा कमी-जास्त करणाऱ्या स्टेपर मोटरच्या पायऱ्या दोन-दोनने वाढवत गेलो. मे महिन्यात एकदाचं जमलं.

घाटात मात्र हा डबा आवडला. चावी फिरवून इंजिन सुरू न करता बघितलं तर मॅप सेन्सर (हा हवेचा दाब मोजतो, वरच्या तक्त्यांच्या मॅपशी संबंध नाही) पुण्यात ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवतो, महाबळेश्वरला ८६. हवा विरळ झाली तसं पेट्रोल आपोआप कमी. पसरणीचा घाट चढताना कुठेही अडखळली नाही.

पेट्रोलचं एक सांगायला हवं. बेस मॅप परदेशी, शुद्ध पेट्रोलवरचा. आपल्या पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ धरतात, ई-२० ला ते साडेतेराच्या जवळ येतं. एएफआरचे (या हवा-पेट्रोल प्रमाणाचे) आकडे सोडून मी सरळ लॅम्डात (इंधन कुठलंही असो, आदर्श प्रमाण म्हणजे १) काम करायला लागलो, तेव्हा डोकं शांत झालं.

स्वस्ताईबद्दल फार हुरळू नका. एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा वाइडबँड कंट्रोलर आणि बॉशचा सेन्सर वेगळा, ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरचं ऑटोट्यून हवं तर त्याचं लायसन्स वेगळं, रिले, कनेक्टर, पाणी न शिरणारा डबा हे सगळं आपलं आपण. तरीही तयार ईसीयूपेक्षा माझा खर्च बराच कमी झाला. माझ्या वेळेचा हिशेब बायकोकडे आहे. शिवाय मूळ ईसीयूबरोबर फियाटचा इमोबिलायझरही (खरी चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) गेला, म्हणून गाडीतल्या फ्युएल पंपाच्या वायरीत चोरस्विच बसवावा लागला. टर्बो लावणार असाल तर मी तरी हा घेणार नाही. नॉक (पेट्रोल अवेळी पेटल्याची इंजिनातली ठकठक) नीट ऐकणारा तयार डबाच घ्या.

डिसेंबरच्या सकाळी अजून दुसऱ्या सेल्फला उचलते. आयडलची स्टेपर मोटर चावी फिरवल्यावर आधी आपली जागा शोधते, त्याला दोनेक सेकंद लागतात. बाबांना चावी देताना दर वेळी सांगतो, ‘‘फिरवा, दोन मोजा, मग सेल्फ मारा.’’ ते मोजत नाहीत. खालून सेल्फचा आवाज आला की मी गॅलरीतून ओरडतो, ‘‘बाबा, दोन!’’