लांबच्या शहरातलं घर रोजच्या भाड्याने: सगळे हंगाम पाहून झाल्यानंतरचा अनुभव

लांबच्या शहरात घर घ्यायचं आणि ते फिरायला येणाऱ्यांना दोन-चार दिवसांच्या भाड्याने द्यायचं, हे आता माझ्या अंगवळणी पडलं आहे. गर्दीचा हंगाम पाहिला, रिकामा पाहिला, मधला पाहिला. घर माझ्यापासून इतकं लांब आहे की काही बिघडलं म्हणून उठून जाणं शक्य नाही. घराशेजारी राहून हे करणाऱ्यांचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात, लांबून करणाऱ्यांचे फारसे मिळत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चेक-आउट सकाळी 11 ला, चेक-इन दुपारी 3 ला. मधले चार तास घर कोणाच्या हातात आहे, यावर सगळा व्यवहार उभा आहे. रिव्ह्यू तिथेच ठरतो, नुकसान तिथेच सापडतं, पुढच्या पाहुण्याचा मूड तिथेच बनतो, आणि नेमके तेव्हाच तुम्ही तिथे नसता. घर बघताना बहुतेक जण रात्रीचं भाडं किती मिळेल ते विचारतात. मी आधी सफाईला कोण मिळेल ते विचारते.

माझ्या सफाईच्या बाई काम झालं की ठरलेल्या क्रमाने फोटो पाठवतात. बाथरूमच्या जाळीचा जवळून, म्हणजे केस अडकलेले नाहीत ना ते दिसतं. मग पलंगाखालचा, फ्रीजच्या आतला, चादर घालण्याआधी उघड्या गादीचा, गॅसच्या बटणांचा, रिमोटचा, सिंकखालच्या कपाटाचा आणि शेवटी बाहेरून बंद केलेल्या दाराचा. एकदा त्या कपाटाच्या फोटोत मागच्या फळीची कड फुगून काळपट झालेली दिसली. पाणी कुठेच दिसत नव्हतं. प्लंबरला पाठवलं, तर आतल्या जोडातून थेंबथेंब झिरपत होतं. त्या घरात राहून गेलेल्या एकाही पाहुण्याला ते कळलं नव्हतं, कळण्याचं कारणही नव्हतं. आता तिथे पाणी लागलं की फोनवर सूचना देणारा छोटा सेन्सर ठेवला आहे, पण फोटोंचा क्रम मी बदललेला नाही.

बाईंना प्रत्येक सफाईचे पैसे त्याच दिवशी जातात, आणि सकाळी एक कुटुंब निघून दुपारी दुसरं येणार असेल तर जास्त जातात. यात काटकसर करू नका, असं अगदी मनापासून सांगते. शिवाय दुसऱ्या एका बाईंना अधूनमधून मुद्दाम काम देते, म्हणजे पहिल्या आजारी पडल्या तर दुसरीला घर अनोळखी नसतं. प्रत्येक पलंगासाठी चादरी-टॉवेलांचे तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोनच ठेवले तर ज्या दिवशी धोबी उशीर करतो त्या दिवशी चार तास पुरत नाहीत.

कुलपाबद्दल. प्रत्येक बुकिंगला नवा कोड देणारं स्मार्ट लॉक लांबून घर चालवणाऱ्याला हवंच. पण ते कोड कसे घेतं ते विकत घेण्याआधी नीट वाचा. काही कुलपांना नवा कोड इंटरनेटवरून जातो. वायफाय बंद असेल तर कोड पोहोचत नाही आणि पाहुणे रात्री सामानासकट बाहेर उभे राहतात. आमच्याकडे एका कुटुंबाच्या बाबतीत हे झालं. लहान मूल झोपलेलं, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि मी शेकडो किलोमीटरवरून राउटर बंद करून चालू करायला सांगते आहे, जो राउटर बंद दाराच्या आत आहे. शेवटी सफाईच्या बाई किल्ली घेऊन आल्या तेव्हा दार उघडलं. त्यानंतर स्वतःच कोडची पडताळणी करणारं, इंटरनेट नसतानाही चालणारं कुलूप बसवलं. शिवाय बाहेर आकडे फिरवून उघडायची किल्लीची पेटी आहे. तिचा आकडा गरज पडली तरच कळवते आणि वापरला गेला की बदलते.

कॅमेऱ्यांबद्दल सारखं विचारलं जातं. एअरबीएनबीने, म्हणजे ज्या वेबसाइटवरून पाहुणे घर बुक करतात तिने, 30 एप्रिल 2024 पासून घराच्या आत कॅमेरा ठेवायला पूर्ण बंदी घातली आहे, बंद ठेवलेला असला तरी. बाहेरचा चालतो, पण तो कुठे आहे ते लिस्टिंगमध्ये, म्हणजे साइटवरच्या घराच्या जाहिरातीत, लिहावं लागतं. मला ही बंदी योग्य वाटते. घर मालकाचं असलं तरी पाहुणे त्यात कपडे बदलतात, झोपतात.

भाव ठरवायला मी सॉफ्टवेअर वापरते, आणि ते कामाचं आहे. आसपासची मागणी, सुट्ट्या, शिल्लक तारखा बघून ते रोज दर बदलतं, हाताने हे जमत नाही. फक्त खालची मर्यादा स्वतः घालायची. एका सफाईचा खर्च, धुलाई, वीज-पाणी, प्लॅटफॉर्मचं कमिशन हे सगळं धरून जिथे हातात काही उरत नाही, त्याच्या वरच तो आकडा हवा. नाहीतर रिकाम्या हंगामात सॉफ्टवेअर तारखा भरून दाखवतं, कॅलेंडर छान दिसतं आणि खात्यात काहीच येत नाही. एका रात्रीची बुकिंग मी बंद केली. त्या एका रात्रीसाठीही पूर्ण सफाई लागते, आणि बाईंचे चार तास तेवढेच जातात. कमिशनही आता नीट बघावं लागतं. एअरबीएनबीवर यजमानाकडून 3 टक्के आणि उरलेलं पाहुण्याकडून, ही जुनी विभागणी होती. बाहेरचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर जोडलेल्यांना 2025 च्या ऑक्टोबरपासून 15.5 टक्के यजमानाच्याच बाजूने कापले जाऊ लागले. दर तसाच ठेवला तर फरक थेट तुमच्या खिशातून जातो.

सुरुवातीला सगळं एका व्यवस्थापन कंपनीकडे होतं. अशा कंपन्या साधारण 20 ते 30 टक्के घेतात, आणि ते नफ्यावर नसून एकूण उत्पन्नावर असतात, हे नीट लक्षात घ्या. टक्क्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न विचारता केलेल्या दुरुस्त्यांची आणि बिलांची, ज्यांत काय बदललं तेही लिहिलेलं नसायचं. फोटो मागितले की दोन दिवसांनी जुनेच यायचे. सफाईला दर वेळी वेगळं माणूस, त्यामुळे घराची कोणालाच सवय नाही. करार संपल्यावर मी सफाईच्या बाई, एक प्लंबर, एक वायरमन अशी थेट माणसं जोडली. पाहुण्यांच्या मेसेजना उत्तर मी देते, हाताने करायच्या गोष्टी ते करतात. रोज थोडा वेळ जातो, सणासुदीला बराच जातो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी कंपनी घ्यावी, पण करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: ठरावीक रकमेच्या वरची दुरुस्ती विचारल्याशिवाय नाही, आणि लिस्टिंग मालकाच्या खात्यावर. दुसरी विसरलात तर कंपनी सोडताना सगळे रिव्ह्यूही तिथेच राहतात.

विम्याबाबत थोडक्यात: साध्या घरविम्यात रोजच्या भाड्याचा वापर बहुधा धरलेला नसतो, लेखी विचारून घ्या. एअरबीएनबीचं नुकसान-संरक्षण आहे, पण त्यासाठी पाहुणे निघाल्यापासून 14 दिवसांत मागणी करावी लागते आणि पुरावा लागतो. बाईंचे वेळेसकट असलेले फोटो इथेही कामी येतात.

आता नियम, कारण लांबच्या मालकाला खरा धक्का इथून बसू शकतो. न्यूयॉर्क शहरात लोकल लॉ 18 ची अंमलबजावणी सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली: 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी नोंदणी हवी, यजमान स्वतः त्याच घरात राहत असला पाहिजे, आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. म्हणजे लांबून घर चालवणाऱ्याचा मार्गच बंद. लंडनमध्ये खास परवानगीशिवाय वर्षाला 90 रात्रींपर्यंतच देता येतं, ॲमस्टरडॅममध्ये मर्यादा जास्तीत जास्त 30 रात्रींची, काही भागांत त्याहूनही कमी. बार्सिलोनाने जून 2024 मध्ये जाहीर केलं की पर्यटकांच्या 10,101 सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवायचे. या शहरांतल्या रहिवाशांची भाडी वाढली, राहायला घरं मिळेनाशी झाली, हा राग खोटा नाही. मी घर घेतलं ते आधी महिन्याच्या नेहमीच्या भाड्याचा हिशोब मांडून. उद्या रोजचं भाडं बंद झालं तरी त्या साध्या भाड्यात कर्जाचा हप्ता निघतो का, एवढंच पाहिलं. निघत नसेल तर आकडे कितीही गोड दिसले तरी मी त्या घराच्या वाटेला जाणार नाही. आणि इमारतीच्या सोसायटीची परवानगी शहराच्या परवानगीपेक्षा वेगळी असते, ती आधी वाचा.

दुसरं घर घ्यायचा विचार सुरू आहे. जास्त भाडं देणारी शहरं सुचवणारे बरेच भेटतात. मी मात्र पहिल्या घरापासून चालत जाता येईल अशाच अंतरात शोधते आहे, कारण बाई त्याच असतील, प्लंबर तोच असेल, आणि दोन्ही घरांचा चेक-आउट वेगवेगळ्या वेळी ठेवता येईल. बाईंना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, जिने नसलेलं बघा.