अलार्म आमच्या घरात, कोड त्यांच्या खिशात

घरफोडीचा अलार्म बसवून देणाऱ्या आमच्या पहिल्या कंपनीच्या फिटिंगला मी नावं ठेवणार नाही. दारांचे मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट चौकटीत नीट बुजवलेले, वायर कुठे लोंबत नाही, जिन्यातल्या मोशन सेन्सरवर ऊन येणार नाही याचीही काळजी घेतलेली. भोंगा विनाकारण क्वचितच वाजला. माझी तक्रार आहे ती करार संपल्यानंतर त्यांनी जे केलं त्याबद्दल.

सासूबाई आता वॉकर घेऊन चालतात. बाहेरून दार उघडलं की कोड दाबायला सिस्टिम ३० सेकंद देते. तेवढ्यात त्यांचा वॉकर जेमतेम उंबरठ्याच्या आत येतो. कीपॅडची पिपाणी सुरू झाली की त्या घाबरतात, घाईत आकडा चुकतो आणि भोंगा सुरू होतो. ती ३० सेकंदांची मुदत ६० करायची होती, एवढंच आमचं काम.

आमच्याकडे मास्टर कोड होता. त्याने अलार्म चालू-बंद करता येतो, घरातल्या माणसांचे कोड घालता-काढता येतात. पण आत शिरल्यावर किती वेळ मिळणार, कुठला झोन (म्हणजे एका वायरीवरचं दार किंवा सेन्सर) कसा वागणार, भोंगा किती वेळ वाजणार, हे सगळं इन्स्टॉलर कोडच्या, म्हणजे बसवणाऱ्याच्या कोडच्या, पलीकडे. तो कंपनीकडे. मॉनिटरिंगचा, म्हणजे कंपनीने दुरून अलार्मवर लक्ष ठेवण्याचा, करार मुदत भरून संपलेला, उपकरणांचे पैसे पूर्ण चुकते केलेले, पावतीवर सरळ विक्री असं लिहिलेलं. तरी फोनवर उत्तर मिळालं, "मॅडम, कोड देता येत नाही. मॉनिटरिंग पुन्हा सुरू करा, आमचा माणूस येऊन बदलून देईल." अहो, मग नुसता माणूस पाठवा, त्याचे पैसे वेगळे देते, म्हटलं. त्यालाही नकार. पावतीची प्रत जोडून लेखी विनंती केली, तर उत्तरात नव्या कराराचा फॉर्म आला.

कुलूप लावण्यामागे कारण असतं, हे मला मान्य आहे. उपकरणं भाड्याने दिलेली असतील तर ती कंपनीचीच, आणि कुणीही येऊन सेटिंग बिघडवू नये हेही खरं. करार चालू असताना कोड त्यांनी जरूर स्वतःकडे ठेवावा. पण विकलेल्या वस्तूची किल्ली अडकवून ठेवून त्या बळावर पुढचा करार मागणं ही अडवणूक आहे, आणि एका म्हाताऱ्या बाईच्या सोयीसाठी मागितलेल्या तीस सेकंदांवर ती करणं मला फार लागलं.

शेवटी स्वतंत्र काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने आधी पावती मागितली, सिस्टिम आमचीच आहे याची खात्री केली आणि मगच अलार्मची मुख्य पेटी उघडली. या एका गोष्टीसाठीच मी त्याला पूर्ण गुण देईन.

आमचं पॅनेल, म्हणजे त्या पेटीतला मुख्य बोर्ड, डीएससी कंपनीच्या पॉवरसीरिज मालिकेतलं. यात इन्स्टॉलर कोड ठाऊक नसला तरी एरवी बोर्ड मूळ स्थितीत आणता येतो आणि कोड पुन्हा ५५५५ होतो. पण बसवणाऱ्याने इन्स्टॉलर लॉकआउट, म्हणजे कोड मूळ स्थितीत जाऊ न देणारं कुलूप, चालू करून ठेवलं असेल तर तो रस्ता बंद. त्याची खूण कानाला कळते. तंत्रज्ञाने मला पेटीजवळ उभं केलं, ट्रान्सफॉर्मर काढला, बॅटरीची वायर सोडवली, थोडं थांबून पुन्हा वीज दिली. बोर्डावरचा टेलिफोन लाइनचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) भराभर टकटक करायला लागला. "ऐकलंत ना ताई? हे आपोआप होत नाही, कुणीतरी मुद्दाम लावलेलं आहे," तो म्हणाला. आता एक तर त्यांचा कोड हवा, नाही तर नवा बोर्ड.

नवा बोर्ड म्हणजे नवा अलार्म नव्हे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. कॉन्टॅक्ट, मोशन सेन्सर, भोंगा, भिंतीतल्या वायरी, कीपॅड सगळं जागच्या जागी राहिलं. त्याच मालिकेतला बोर्ड घ्या, असं त्यानेच सुचवलं. दुसऱ्या कंपनीचा घेतला असता तर कीपॅड बदलावे लागले असते, आणि प्रत्येक झोनच्या टोकाला जो ५६०० ओहमचा रेझिस्टर असतो तोही बहुधा बदलावा लागला असता. दुपारभरात काम झालं. १२ व्होल्टची बॅटरीही त्याने तपासली. अशा बॅटऱ्या तीन ते पाच वर्षांत बदलाव्यात, असं सांगून तिच्यावर तारीख घातली.

मग कीपॅड माझ्या हाती देऊन तो पाठ फिरवून उभा राहिला, "नवा इन्स्टॉलर कोड तुम्हीच घाला, मास्टरसारखा ठेवू नका." मुदत ६० सेकंद केली. सासूबाईंनी बाहेर जाऊन, दार उघडून, सावकाश आत येऊन कोड दाबला. पिपाणी थांबली तेव्हा वेळ शिल्लक होता.

एकच उणीव राहिली. झोनची यादी त्याने झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिली आणि ती फार पुसट आहे. मी ती शाईने गिरवून घेतली.

पहिल्या कंपनीला फिटिंगसाठी पाचापैकी चार, नंतरच्या वागणुकीसाठी शून्य. त्यांच्याकडून किंवा कुणाकडूनही अलार्म बसवणार असाल तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: उपकरणं विकत आहेत की भाड्याने, लॉकआउट चालू ठेवणार का, आणि करार संपल्यावर लॉकआउट काढून इन्स्टॉलर कोड किती दिवसांत तुमच्या हाती देणार. तिसऱ्याचं उत्तर टाळलं, तर दुसरा माणूस बघा.