आठवीत एनसीसी घ्यावी की स्काऊट-गाइड?

मुंबईतल्या अनेक शाळांत दोन्ही असतात, पण दोघांची घडण वेगळी. एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. कनिष्ठ विभाग दोन वर्षांचा, शेवटी 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा. कवायत, हुकूम, वेळ पाळणं हे अंगात मुरतं. बुजऱ्या मुलाचा आवाज इथे हमखास मोकळा होतो. मात्र २६ जानेवारीच्या संचलनापुरतीच तयारी झाली, तर मूल हुकमाशिवाय हलत नाही.

स्काऊटमध्ये वयाच्या दहाव्या वर्षापासून जाता येतं. सहा ते आठ जणांचा संघ, त्यातलाच एक संघनायक. तंबू कुणी ठोकायचा, पाणी कुणी भरायचं, भात करपला तर काय, हे मुलंच ठरवतात. जबाबदारी शिकवायची ही पद्धत आम्हाला जास्त खोल वाटते. घोटाळा एकाच ठिकाणी होतो: शिक्षक दर वेळी त्याच हुशार मुलाला नायक करतात आणि बाकीचे नुसते मागे चालतात. दर सत्राला नायक बदला. शाळेला मैदान नसेल, तर गाठी आणि प्रथमोपचार वर्गातही होतात. कवायतीला मात्र मोकळी जागा लागतेच.